पाणचिऱ्याला नेमकं काय हवं असतं?

पार्वती-कालीसिंध-चंबळ नदीजोड प्रकल्पाची पायाभरणी 17 डिसेंबर 2024 रोजी जयपूरला झाली आणि ग्वाल्हेरात चंबळच्या गप्पांना पुन्हा ऊत आला. तिघरा धरण शहराला पुरत नाही, चंबळचं पाणी नळाने आणायचं, ही योजना इथे त्याआधीपासून गाजतेच आहे. वाळूच्या ट्रॉल्या पकडल्याच्या बातम्या तर बारमाही. या सगळ्या बातम्यांच्या शेवटी एक ओळ कुठेतरी चिकटवलेली असते, की यामुळे नदीतल्या दुर्मीळ पक्ष्यांना धोका आहे. कोणत्या पक्ष्यांना, कसला धोका, याबद्दल पुढे अवाक्षर नसतं. मग वाचणारा साहजिकच म्हणतो, "चार पक्ष्यांसाठी शहराने कोरडं राहायचं का?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर देण्याआधी तो पक्षी काय खातो, कुठे राहतो आणि वर्षातले कुठले दिवस त्याच्यासाठी अवघड असतात, हे कळायला हवं. त्यातून असं दिसतं की भांडण पक्षी आणि तहान यांच्यातलं नाहीच.

हा पक्षी कोण?

त्याचं नाव पाणचिरा. शरीराने कावळ्यापेक्षा फार मोठा नाही, पण पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत मीटरभराहून जास्त. पाठ काळपट, पोट आणि मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, पाय लाल. चोच लालसर नारिंगी आणि टोकाला पिवळी. या चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा चांगलाच लांब असतो. पक्ष्यांच्या बाबतीत ही अगदी विरळा गोष्ट. अशी चोच असलेल्या पक्ष्यांच्या जगात तीनच जाती आहेत. एक अमेरिका खंडांत, एक आफ्रिकेत आणि तिसरी आपली.

या चोचीचं काम समजायला कापडाचं दुकान आठवा. अनुभवी दुकानदार कात्री कचकच चालवत नाही. ती अर्धी उघडी धरतो आणि ताणलेल्या कापडातून सरळ पुढे सरकवतो. पाणचिरा नदीवर हेच करतो. पाण्याला जवळजवळ टेकून उडतो, चोच उघडी ठेवतो आणि तिचा लांब खालचा भाग पाण्यातून ओढत नेतो. त्याला मासा लागला की मान झटक्यात खाली वळते आणि चोच मिटते. हे काम नजरेवर कमी आणि स्पर्शावर जास्त चालतं, म्हणून तो संधिप्रकाशात आणि रात्रीही मासे धरू शकतो.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या चोचीचे दोन्ही भाग मात्र सारखेच असतात. खालचा भाग पुढे वाढतो. तोवर आईबाप जे भरवतील त्यावरच पिल्लाची गुजराण, म्हणजे मधल्या काळात आईबाप बिथरून दूर गेले तर पिल्लू उपाशी. शिवाय अशी शिकार खळाळत्या, खडकाळ पाण्यात जमत नाही. त्याला रुंद, संथ, पृष्ठभागाजवळ मासे असलेली नदी लागते. घाटातली नदी त्याच्या कामाची नाही आणि धरणाचा खोल जलाशयही फारसा नाही.

झाडावर नाही, वाळूवर

पाणचिऱ्याचं घरटं म्हणजे उघड्या वाळूत केलेला उथळ खळगा. काडी नाही, पान नाही. त्यात तीन-चार ठिपकेदार अंडी, वाळूच्याच रंगाची. घरटी करण्याचा काळ मार्च ते जून. नदी आटून तिच्या मध्यावर वाळूची बेटं उघडी पडतात ते हे दिवस, आणि ग्वाल्हेर-मुरैन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेही हेच.

त्या उन्हात अनवाणी पाय ठेववणार नाही अशा वाळूवर ही अंडी असतात. आपण उबवणं म्हणजे ऊब देणं समजतो. पाणचिऱ्याचं दुपारचं काम उलटं असतं, अंडं तापू न देण्याचं. पक्षी अंड्यांवर बसून सावली धरतो, मधूनच उडून पोटाची पिसं नदीत भिजवून आणतो आणि ओल्या पोटाने पुन्हा बसतो. भर दुपारी कोणी बेटावर आलं आणि थवा उठला, तर अंडी फोडायला कोल्हा यायची गरज उरत नाही. ऊन पुरतं.

मग असली जागा निवडायचीच कशाला? कारण तिच्या चारही बाजूंना पाणी असतं. कोल्हा, भटकी कुत्री, गुरं आणि माणसं यांच्यापासून अंड्यांना वाचवणारी एवढी एकच भिंत आहे. म्हणून हे पक्षी थव्याने आणि शेजाराने राहतात. नदी सुरय, काळ्या पोटाचा सुरय, नदी टिटवी असे इतर पक्षीही त्याच बेटांवर अंडी घालतात. याच दिवसांत सुसर (इकडे सगळे घडियालच म्हणतात) आणि लाल डोक्याचं दुर्मीळ कासवही नदीकाठच्या वाळूत अंडी पुरतं. वाळूचा एक पट्टा म्हणजे कितीजणांचं बाळंतघर, हे वरून बघताना कळत नाही. वरून ती नुसती पडीक वाळू दिसते.

थोडक्यात, पाणचिऱ्याला साडेतीन-चार महिने एक बोडकं बेट हवं असतं आणि त्याभोवतीचं पाणी फार उतरायलाही नको, चढायलाही नको. उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत पोहोचतात. वाळूचा उतार इतका सौम्य असतो की पातळी वीतभर खाली गेली तरी पाण्याची कड कित्येक पावलं मागे सरते. उलट वरच्या धरणातून अवेळी पाणी सोडलं तर अंडी वाहून जातात. बेट गेलं म्हणजे वाळूच उचलून नेली, एवढंच आपल्याला वाटतं. खरं तर वाळूचा एक कणही न हलवता बेट मोडता येतं, नुसत्या पातळीने.

बेटं येतात कुठून?

चंबळ इंदूरजवळ महूच्या जानापाव डोंगरातून निघते आणि साडेनऊशेहून जास्त किलोमीटर वाहून यमुनेला मिळते. वाटेत तिच्यावर चार मोठी बांधकामं आहेत. मध्य प्रदेशात गांधीसागर आणि राजस्थानात राणाप्रताप सागर, जवाहर सागर व कोटा बंधारा. ही 1960 ते 1972 च्या दरम्यान पुरी झाली.

धरण पाणी अडवतं, पण त्यासोबत वाळूही अडवतं. पाण्याचा वेग मेला की जड वाळू तळाशी बसते, आणि दारांतून खाली जातं ते बऱ्यापैकी निवळलेलं पाणी. त्यामुळे कोट्याखालच्या नदीची वाळूसाठीची भिस्त आता खाली येऊन मिळणाऱ्या कालीसिंध, पार्वती, बनास यांच्यावर आहे. दुसरी गोष्ट पुराची. मोठा पूर जुन्या बेटांवर उगवलेलं गवत आणि झाऊची झुडपं खरवडून काढतो, वाळू हलवतो, नवे पट्टे टाकतो. पूर दबले की बेटं हिरवी होतात. गवत आलं की पाणचिरा तिथे बसत नाही, कारण झुडपाआड शत्रू लपतो.

म्हणून "पुराचं पाणी वायाच जातं, ते अडवलं तर कोणाचं काय बिघडलं" हा युक्तिवाद मला पटत नाही. नदीजोड योजनेचा सगळा डोलारा उपनद्यांच्या पावसाळी पाण्यावर उभा आहे, आणि चंबळची बेटं घडवणारं पाणी नेमकं तेच. ते सगळंच्या सगळं समुद्रात जाऊ द्या, असं कोणी म्हणत नाही. पण किती पूर खाली सोडला तर नदी आपली वाळू हलवू शकेल, हा हिशेब सिंचनाच्या एकरांइतकाच ठळकपणे लोकांसमोर यायला हवा.

"पण ते तर अभयारण्य आहे ना?"

आहे. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य 1978-79 मध्ये सुसरींसाठी जाहीर झालं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश अशा तिन्ही राज्यांत ते पसरलेलं आहे. कायद्याने तिथे वाळू काढता येत नाही. तरी मुरैना-ग्वाल्हेर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला वाळूच्या ट्रॉल्या म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

या धंद्याची जरब किती, याची आठवण आपल्याकडे ताजीच आहे. 8 मार्च 2012 रोजी, होळीच्या दिवशी, बानमोरला नरेंद्र कुमार हे तरुण आयपीएस अधिकारी अवैध दगडाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अडवायला गेले आणि तिच्याखाली चिरडले गेले. तो दगड होता, वाळू नव्हे. पण ट्रॅक्टर तेच, रस्ते तेच आणि नंबरप्लेट नसण्याची रीतही तीच. मधल्या काळात सरकारी पातळीवर दुसरा मार्गही चर्चेत आला. अभयारण्यातले काही पट्टे वगळायचे आणि तिथला उपसा कायदेशीर करायचा, म्हणजे चोरी थांबेल आणि महसूलही मिळेल. माझ्या मते यात एक घोळ आहे. वगळलेल्या पट्ट्यातून निघालेली वाळू आणि शेजारच्या पट्ट्यातली वाळू ट्रॉलीत पडल्यावर सारखीच दिसते. पावती एका घाटाची आणि माल दुसऱ्याचा, हे ओळखणार कोण?

पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर उपशाचं नुकसान दोन प्रकारचं. एक उघड, बेटच उचललं जातं. दुसरं जास्त वेळा होतं आणि कमी दिसतं. नदी उतरलेल्या दिवसांत ट्रॅक्टर थेट पट्ट्यावर जातो, त्याची चाकोरी पडते, दिवसभर माणसांची वर्दळ राहते, मागोमाग कुत्री येतात. कलिंगड-काकडीचे मळे (इकडच्या भाषेत पालेज) लावणाऱ्यांचंही तसंच. गरीब माणूस आहे, नदी उघडी पडते तेवढ्याच महिन्यांत त्याला पैसे मिळतात, आणि ते महिने पक्ष्याच्याही घरट्याचे. वाळूमाफिया आणि पालेजवाला यांना एकाच काठीने हाकणं मला बरोबर वाटत नाही. पण अंड्याला तो फरक कळत नाही, हेही खरं.

"मग घरं बांधायची कशाने?" हा पुढचा प्रश्न. दगड दळून केलेली वाळू आता सर्रास मिळते, आणि परवाना असलेल्या घाटांची वाळूही मिळते. तिला रॉयल्टीची पावती असते. ठेकेदाराकडे ती मागितली तर तो आधी हसतो, मग भाव वाढवून सांगतो. हे दोन भाव ऐकले की चोरीच्या वाळूची सवलत खरं तर कोण देतं, ते समजतं. ती नदी देते.

"मग ग्वाल्हेरने तहानलेलं राहायचं?"

इथे थोडं गणित करू या, कारण त्याने चित्र बरंच बदलतं.

तिघरा 1916 मध्ये सांक नदीवर बांधून झालं, तेव्हाच्या ग्वाल्हेरसाठी. आज शहर कितीतरी पसरलंय, आणि पाऊस कमी झाला की ककेटो आणि पेहसारी या धरणांचं पाणी तिघऱ्यात आणून दिवस ढकलावे लागतात. म्हणजे गरज खरी आहे. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा नेहमीचा मापदंड माणशी दिवसाला 135 लिटर. लोकसंख्या पंधरा लाख धरली तर दिवसाला सुमारे 20 कोटी लिटर लागतील. ऐकायला प्रचंड वाटतं. सेकंदावर आणलं तर साधारण 2,350 लिटर. नदी-कालव्यांचं पाणी क्यूसेकमध्ये मोजतात. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. त्या मापाने अख्ख्या ग्वाल्हेरची तहान 80 ते 85 क्यूसेक.

आता दुसरा आकडा. कोटा बंधाऱ्यावरून निघणारा उजवा मुख्य कालवा श्योपूर, मुरैना, भिंडकडे पाणी आणतो. त्याची आखलेली क्षमता साडेसहा हजार क्यूसेकच्या वर आहे.

म्हणजे "पक्षी की पिण्याचं पाणी" ही मांडणीच लंगडी आहे. कोट्याखाली नदीचं पात्र जे सुकतं, ते आपल्या नळांमुळे नाही. पाणी मुख्यतः रब्बीला जातं. हे मी नाक मुरडून लिहीत नाही. मुरैन्याची मोहरी त्याच कालव्यावर पिकते आणि तिचं तेल आमच्या स्वयंपाकघरात आहे. पण ज्याचा वाटा मोठा, त्याच्यावरच चर्चा मोठी व्हायला हवी. कालव्यातून किती पाणी पाझरतं, शेवटच्या गावाला ते पोहोचतं का, पाट फोडून सगळं शेत भिजवण्याऐवजी तुषार सिंचनाने किती वाचेल, अशा चर्चेत पाणचिऱ्याचं नावही न घेता त्याचं भलं होऊ शकतं.

पण 80 क्यूसेक म्हणजे काहीच नाही, असंही समजू नका. रब्बीचा उपसा हंगामापुरता असतो. शहराचा उपसा वर्षाचे 365 दिवस, आणि सगळ्यात जास्त मे महिन्यात. नेमकी तेव्हाच नदी सर्वात बारीक असते आणि बेटांवर पिल्लं असतात. शिवाय ग्वाल्हेर एकटं नाही. धौलपूर, भरतपूरही चंबळचं पाणी पितात. वन्यजीव अभ्यासकांनी सुसरी आणि गंगेच्या डॉल्फिनसाठी चंबळमध्ये किमान किती प्रवाह हवा, याचा हिशेब पूर्वीच केलेला आहे. उन्हाळ्यातला प्रत्यक्ष प्रवाह त्याच्या बराच खाली जातो, हेही त्यात दिसून आलं. अशा वेळी एकेका शहराचा छोटा वाटाही बेटाच्या कडेला दिसतो.

म्हणून मला महत्त्वाचं वाटतं ते पाणी कधी उचलायचं, हे ठरवणं. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला नदी भरलेली असताना उचलून तिघऱ्यात साठवावं, आणि एप्रिल ते जून नदीला शक्य तितकं मोकळं सोडावं. पंप तेच, पाइप तेच, फक्त वेळापत्रक वेगळं. यात विजेचा, साठवणुकीचा आणि बाष्पीभवनाचा खर्च आहे, हे उघड आहे. तरी योजनेच्या कागदांत महिनावार उचल किती असेल, हे विचारायचा हक्क पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

"पंख आहेत की, जाईल दुसरीकडे"

दुसरीकडे म्हणजे कुठे? पूर्वी हा पक्षी सिंधूपासून मेकाँगपर्यंतच्या मोठ्या नद्यांवर होता. लाओस, कंबोडिया, व्हिएतनाममधून तो नाहीसा झाला. जगातले प्रौढ पाणचिरे आज साधारण 2,450 ते 2,900 असावेत असा अंदाज आहे, आणि त्यांचा मोठा हिस्सा भारत-बांगलादेशात. धोक्यातल्या जीवांची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएनने 2020 मध्ये त्याला 'असुरक्षित' वर्गातून एक पायरी वर, 'संकटग्रस्त' वर्गात टाकलं.

तो उडून जातो, तेही खरंच. पावसाळ्यात बेटं बुडाली की नदी सोडतो. हिवाळ्यात काकीनाड्याचा किनारा, बांगलादेशातलं मेघनेचं मुख, गुजरातचा किनारा अशा ठिकाणी थवे दिसतात. पण तिथे तो खायला जातो. अंडी घालायला त्याला परत चंबळ, सोन, गंगा, महानदी अशा मोजक्या नद्यांवरच यावं लागतं, आणि त्यातही वाळूचे ठरावीक पट्टे लागतात. त्या सगळ्याच नद्यांवर धरणं आहेत आणि सगळीकडेच वाळूला गिऱ्हाईक आहे.

राखणदार

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने चंबळकाठच्या गावांतल्याच माणसांना घरट्यांचे राखणदार नेमून पाहिलं आहे. हंगामभर बेटाजवळ मुक्काम करायचा, कुत्री-गुरं हाकायची, घरटी मोजायची आणि येणाऱ्याला समजावून परत पाठवायचं. ज्यांना नदीचा चढ-उतार लहानपणापासून पाठ आहे, त्यांनाच ते काम आणि त्याचे पैसे मिळतात. या कामाचा मला आवडणारा भाग हाच. बाहेरून येऊन कोणी त्यांना निसर्गप्रेम शिकवत नाही.

त्याची मर्यादाही लगेच दिसते. राखणदार कुत्रं हाकलू शकतो. कोट्याचं दार त्याच्या हातात नाही. रात्री पाणी एक हात चढलं तर सकाळी तो फक्त नोंद करतो.

बघायला जायचं असेल तर

ग्वाल्हेरहून मुरैना ओलांडून धौलपूरच्या अलीकडे राजघाटचा पूल लागतो, साठेक किलोमीटर. तिथून नाव मिळते. घरट्यांच्या दिवसांत गेलात तर नावेतच बसून बघा, नावाडी कितीही आग्रह करू दे, बेटावर उतरू नका. चांगल्या फोटोसाठी थवा उठवायला सांगणारे लोक भेटतात. ते नावाड्याला शंभर-दोनशे जास्त देतात आणि नावाडी नाही म्हणत नाही, तेव्हा आधीच त्याला सांगून ठेवा की आपल्याला उडणारे नकोत, बसलेले चालतील. दुर्बीण न्या. दुपार टाळा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, म्हणजे पाण्यावर रेघ ओढत जाणारा पाणचिरा दिसण्याची शक्यता जास्त, आणि तुमच्यामुळे एखादा उठलाच तरी वाळू त्या मानाने थंड असते.